जामीनकीचा धंदा आणि सरकारी तिजोरी

आपल्या पेठांतून पूर्वी कोणी दुसऱ्याच्या उधारीस जामीन राहावयास निघाला, म्हणजे घरातील वडील माणसे त्यास प्रथम एकच गोष्ट विचारीत : प्रसंग आला तर रक्कम कोठून काढणार? जामीनकीबद्दल मिळणार किती, हा प्रश्न त्यानंतरचा. सन २००८ च्या मंदीत अमेरिकेतील एका प्रचंड विमा कंपनीने दुसरा प्रश्न तेवढा विचारला होता, पहिला विचारलाच नव्हता, असे उघडकीस आले. आणि तिच्या जामीनकीचा भार तेथील सरकारी तिजोरीवर जाऊन पडला. अडचणीत आलेल्या मोठ्या कंपन्यांस सरकारने वाचवावे की बुडू द्यावे, हा वाद आपल्याकडेही अधूनमधून निघत असतो. म्हणून ही हकीकत आमच्या व्यापारी बंधूंपुढे काहीशी विस्ताराने मांडावी, असे आम्हास वाटते.

ही कंपनी म्हणजे अमेरिकन इंटरनॅशनल ग्रुप, संक्षेपाने ए. आय. जी. कॉर्नेलियस स्टार या अमेरिकन गृहस्थाने १९१९ साली शांघाय येथे तिचा पाया घातला. पुढे शंभराहून अधिक देशांत तिचा व्याप पसरला. २००१ पासून आपल्या देशातही टाटांच्या भागीदारीत तिने विम्याचा व्यवसाय केला. आयुर्विमा, आगीचा विमा, मालाचा विमा हे तिचे नित्याचे काम वर्षानुवर्षे नफ्यात चालत आले होते. घात केला तो प्रामुख्याने लंडन आणि कनेक्टिकट येथून चालणाऱ्या एका लहानशा शाखेने. तीत चारशे माणसेदेखील नव्हती.

या शाखेचा धंदा समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेत त्या काळी घरे गहाण ठेवून घेऊन वाटेल त्यास कर्जे देण्यात आली. ज्यांना हप्ते भरण्याची ऐपत नव्हती, अशांची कर्जेही एकत्र बांधून, त्यांचे निरनिराळे भाग पाडून, त्यांपैकी बहुतेकांवर अव्वल प्रतीचा शिक्का मिळवून ते रोखे जगभर विकले गेले. रोखे घेणाऱ्या बँकांस ही शाखा सांगे : ‘कर्ज बुडाले तर नुकसान आम्ही भरून देऊ, तुम्ही आम्हास दरसाल थोडी रक्कम देत जा.’ वस्तुतः हा विमाच. परंतु त्यास विमा न म्हणता ‘क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप’ असे निराळे नाव देण्यात आले होते, आणि २००० सालच्या एका कायद्याने असले व्यवहार सरकारी नियंत्रणाबाहेर ठेवले होते. त्यामुळे विमा कंपनीस दावे फेडण्यासाठी जी गंगाजळी राखावी लागते, ती येथे राखण्याचे बंधन उरले नाही. येईल तो पैसा नफ्यात जमा होई आणि त्या नफ्यावरून अधिकाऱ्यांचे बक्षीस ठरे. ज्या वर्षी जोखीम घेतली त्या वर्षी बक्षीस पदरात. जोखीम अंगावर यावयाची ती पुढे केव्हातरी.

अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत ‘प्रतिरूपक-व्यवहार’ हा एक आहे. चांगल्या मालात हलका मिसळून तो चांगल्याच्या भावाने विकणे, असा त्याचा अर्थ. तुपात भेसळ केली तर गिऱ्हाईक वासावरून ओळखते. रोख्यास वास नसतो, एवढाच काय तो फरक.

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही जुनी पेढी बसली. तिला सरकारने हात दिला नाही. त्याच संध्याकाळी ए. आय. जी.ची पत खालच्या प्रतीची ठरविण्यात आली आणि जामीनकी घेतलेल्या बँकांनी तारणाची मागणी लावली. तारण द्यावयास पुरेसा पैसा नव्हता. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने तिला ८५ अब्ज डॉलरपर्यंत कर्ज मंजूर केले. त्या वेळच्या भावाने ही रक्कम जवळजवळ चार लाख कोटी रुपये होते. मोबदल्यात कंपनीची ७९.९ टक्के मालकी सरकारकडे गेली. मदतीचा एकूण आकडा पुढे १८२ अब्जांवर पोहोचला. कंपनी बुडती तर तिच्यावर विसंबलेल्या बँकाही एकामागून एक आडव्या झाल्या असत्या. त्या रात्री निर्णय घेणाऱ्यांच्या जागी आम्ही असतो, तर कदाचित आम्हीही हेच केले असते.

आमची तक्रार त्यानंतर जे घडले त्याबद्दल आहे. मदत मिळून पुरता पंधरवडाही लोटला नाही तोच कंपनीच्या एका शाखेने कॅलिफोर्नियातील समुद्रकाठच्या एका विलासी हॉटेलात मेळावा भरविला. खर्च चार लाख डॉलरांहून अधिक. आपल्याकडे पेढी बसली म्हणजे धनको एकत्र जमत आणि रुपयास आठ आणे, दहा आणे जे मिळेल ते घेऊन तडजोड करीत. कारण उधार देण्यात त्यांचीही चूक असे. येथे जामीनकी घेतलेल्या बँकांस रुपयाचे सोळा आणे मिळाले. त्यांतील गोल्डमन सॅक्स या एकाच पेढीकडे निरनिराळ्या मार्गांनी सुमारे १२.९ अब्ज डॉलर गेल्याचे मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात, जिने कंपनीस खड्ड्यात लोटले त्या शाखेतील लोकांस सुमारे साडेसोळा कोटी डॉलर बक्षीस वाटण्यात आले. करार पूर्वीचा आहे, तो मोडता येत नाही, असे कारण सांगण्यात आले. लोकक्षोभ इतका झाला की अशा बक्षिसांवर ९० टक्के कर बसविणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने संमत केले. परंतु त्याचा कायदा झाला नाही.

मदतीचे समर्थक म्हणतात की सरकारचा तोटा झाला नाही. हे खरे आहे. डिसेंबर २०१२ मध्ये उरलेले भाग विकले, तेव्हा एकूण हिशेबात सुमारे २२.७ अब्ज डॉलर वाढावाच दिसला. मात्र हप्ते थकले म्हणून ज्यांची घरे गेली, त्यांची खाती या हिशेबात नाहीत. सुरतेत त्या वर्षीच्या दिवाळीनंतर हिरे घासण्याचे अनेक कारखाने उघडलेच नाहीत आणि कारागीर गावी परतले. तेही त्यात नाहीत. सर्वांत चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. कंपनीच्या माजी प्रमुखाच्या संस्थेने, मदतीच्या अटी फार कडक होत्या म्हणून, सरकारवरच दावा लावला. विहिरीतून वर काढणाऱ्यावर अंगरखा फाटल्याची फिर्याद करावी, तसाच हा प्रकार. २०१५ साली न्यायाधीशाने सरकारने अधिकार ओलांडल्याचे म्हटले, पण भरपाई एक छदामही दिली नाही.

पेढी वाचविणे निराळे आणि पेढी बुडविणाऱ्यास सांभाळणे निराळे. हे दोन्ही वेगळे ठेवता येतात, याचे उदाहरण त्याच मंदीत आपल्या हैदराबादेत घडले. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी खोट्या जमाखर्चाची लेखी कबुली दिली. घोटाळा ७,००० कोटी रुपयांच्या वर होता. सुमारे पन्नास हजार नोकरांचे काय, हा प्रश्न तेव्हाही होताच. सरकारने कंपनीत स्वतःचे भांडवल घातले नाही. जुने संचालक मंडळ दूर केले, दीपक पारेख, किरण कर्णिक यांसारख्यांस नेमले आणि लिलाव पुकारला. तीन महिन्यांनी, १३ एप्रिल रोजी, टेक महिंद्राने दर भागास ५८ रुपये बोली देऊन ती घेतली. भागधारकांस मोठी ठोकर बसली, पण कंपनीचे काम बंद पडले नाही.