मनीच्या तोंडातला बुलबुल

सकाळचे पावणेसात वाजले होते. थोरलीची वेणी घालायची होती, धाकट्याचा एक मोजा सापडत नव्हता आणि गॅसवर दूध वर येऊ लागले होते. तेवढ्यात मागच्या दारातून आमची मांजर, मनी, आत आली. एरवी ओरडून घर डोक्यावर घेणारी मनी आज गप्प होती. पाहतो तो तिच्या दातांत बुलबुलाचे पिल्लू, आणि तेही जिवंत!

मग दूध आणि मोजा दोन्ही बाजूला राहिले. आम्ही दोघांनी मनीला धरले आणि पिल्लू ओढून काढले. रक्त कोठेच दिसत नव्हते. मुलांनी त्याला चमच्याने पाणी पाजले, टोपलीखाली ठेवले आणि खुशीत शाळेत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू मरून पडले होते.

“जखम तर नव्हती, मग ते कशाने मेले?” थोरलीने विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. दिवसभर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हाला आपल्या स्वयंपाकघरातला हा साधा प्रश्न सुटू नये, याची थोडी लाजच वाटली. मग आम्ही वाचू लागलो, पशुवैद्यांना विचारू लागलो. त्यातून जे समजले ते येथे मांडत आहोत.

न दिसणारी जखम

मांजराचे सुळे बारीक आणि अणकुचीदार असतात. ते कातडीत सुईसारखे शिरतात आणि बाहेर आले की भोक जवळजवळ मिटून जाते. वर पिसे असल्याने ते दिसतही नाही. पण सुळ्याबरोबर मांजराच्या तोंडातले जीवाणू आत खोलवर पोचलेले असतात. त्यांतला एक म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा. मांजराच्या तोंडात तो सहसा निरुपद्रवीपणे राहतो. पक्ष्याच्या इवल्याशा शरीरात मात्र तो रक्तात पसरला, की दोन-तीन दिवसांतच पक्षी दगावू शकतो.

या जीवाणूचे नाव विज्ञानाच्या शिक्षकांना ओळखीचे वाटेल. लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम केले आणि दुर्बल केलेल्या जंतूंपासून लस बनवता येते हे दाखवले. तो रोग याच जातीच्या जीवाणूमुळे होतो. जीवाणूला पाश्चर यांचे नाव मिळाले ते त्यामुळेच.

यावरून पहिला धडा मिळतो. मांजराच्या तोंडातून सुटलेला पक्षी वरून कितीही धडधाकट दिसो, त्याला त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. योग्य प्रतिजैविक वेळेवर मिळाले तर तो वाचण्याची शक्यता बरीच वाढते.

आमची दुसरी चूक म्हणजे पाणी. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मागे, तोंडाच्या तळाशीच असते. चोच उघडून ओतलेले पाणी सहज फुप्फुसात जाते. पिल्लू नेमके कशाने गेले हे आज सांगता येणार नाही. पण आमच्या मायेनेही त्याला अपाय केला असणे शक्य आहे.

पोट भरलेले असूनही शिकार का?

“मनीला आपण दूध-भात देतो, मासळी देतो. तरी ती मारते कशाला?” हा धाकट्याचा प्रश्न. तो मनीवर रुसलाच होता.

घरातल्या मांजराचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातले रानमांजर. त्याचे भक्ष्य उंदराएवढे लहान असल्याने पोट भरायला दिवसातून अनेक शिकारी लागतात आणि बरेच प्रयत्न फुकट जातात. भूक लागेपर्यंत थांबणारा प्राणी येथे मागे पडेल. संधी दिसताच झडप घालणारा टिकेल. म्हणून मांजरात शिकारीची ओढ आणि भूक यांचा संबंध सैल आहे. पुढ्यातले खाणे सोडूनही मांजर हलत्या उंदरावर धावते. यात दुष्टपणा नाही. दोष असलाच तर आपला, कारण आपण मांजराला अन्न आणि आसरा देऊन एकाच वस्तीत मोठ्या संख्येने वाढवले. अमेरिकेत मांजरे दर वर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातला मोठा वाटा मोकाट मांजरांचा आहे.

सुटका कशी करावी?

ओढाताण करू नये. आपण ओढले की मांजर पकड घट्ट करते आणि भक्ष्य फाटते. आम्ही आता खाऊचा डबा वाजवतो. तेवढ्याने मनीचे तोंड सुटले नाही, तर तिच्यावर टॉवेल टाकून तिला शांतपणे धरून ठेवतो.

सुटलेला पक्षी मऊ फडक्यात उचलावा आणि भोके पाडलेल्या बुटांच्या खोक्यात ठेवून वर झाकण लावावे. अंधार, ऊब आणि शांतता हे त्याचे पहिले औषध. मुलांनी दर पाच मिनिटांनी डोकावू नये, हे सर्वांत अवघड! खार किंवा चिचुंद्री असेल तर जाड हातमोजे घालावेत. वटवाघूळ आणि साप यांना हातच लावू नये, जाणकाराला बोलवावे. कोणताही सस्तन प्राणी चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. बरा झालेला पक्षी पाळायचा नसतो. तसे करणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे.

मांजराने न धरलेले, पण खाली उतरलेले पिल्लू मात्र घरी आणू नये. बुलबुलाची पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरटे सोडतात आणि आईबाप त्यांना झुडपांत भरवत राहतात. अशा वेळी पिल्लू नव्हे, मांजर घरात आणावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हाही गैरसमजच आहे.

पाल सुटली, शेपटी उरली

पुढे एका रात्री मनी वळवळत्या शेपटीशी खेळताना दिसली. पाल केव्हाच कपाटामागे गेली होती. पालीच्या शेपटीच्या मणक्यांतच तुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात. तेथील स्नायू आवळून ती शेपूट तोडते आणि शत्रूचे लक्ष त्या तुकड्यात गुंतते. नवी शेपटी येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची दांडी असते. शिवाय साठवलेली चरबीही गेलेली असते. काही आठवड्यांनी ट्यूबलाइटजवळ आखूड शेपटीची पाल दिसली, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

उपाय आणि वही

इंग्लंडमधील एका अभ्यासात (२०२१) मांजरांना भरपूर मांस-प्रथिने असलेले अन्न दिल्यावर घरी आणलेल्या शिकारी ३६ टक्क्यांनी कमी झाल्या. रोज पाच-दहा मिनिटे खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटेचा मात्र त्यात ठळक परिणाम दिसला नाही. आम्ही मनीला संध्याकाळी दोरीला बांधलेल्या चिंधीशी खेळवतो आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ घरात ठेवतो.

थोरलीने वहीत नोंद सुरू केली आहे: तारीख, वेळ, प्राणी, जिवंत की मेलेला. गेल्या पावसाळ्यात नोंदी कमी झाल्या तेव्हा धाकटा म्हणाला, “खेळाचा उपयोग झाला!” थोरली म्हणाली, “पावसात मनी बाहेरच जात नाही, त्यामुळेही असेल.” मग दोघांनी ठरवले, की पुढच्या उन्हाळ्याची तुलना मागच्या उन्हाळ्याशीच करायची.

आपल्या वर्गात मांजर पाळणारी मुले असतीलच. त्यांच्याकडून अशी वही जरूर करून घ्यावी. आमच्या वहीचे पहिले पान त्या बुलबुलाचे आहे. ‘कारण’ या रकान्यात थोरलीने प्रथम प्रश्नचिन्ह काढले होते. आता त्याच्यापुढे तिने ‘बहुधा जीवाणू किंवा पाणी’ असे लिहिले आहे. प्रश्नचिन्ह मात्र खोडलेले नाही.