छातीतले पाणी काढताना

“डॉक्टर, एकदाच सगळे पाणी काढून टाका, पुन्हा खेटे नकोत,” असे नातेवाईक मला नेहमी सांगतात. जतहून किंवा माणहून एस.टी.ने यायचे, दिवसाची मजुरी बुडवायची. त्यामुळे हा आग्रह समजण्यासारखा आहे. तरीही मी तो मानत नाही.

फुप्फुसाभोवती दोन पातळ आवरणे असतात. त्यांच्यामध्ये पाणी साचले की फुप्फुस दबते आणि दम लागतो. आपल्याकडे याचे एक मोठे कारण क्षयरोग. न्यूमोनिया, कर्करोग किंवा हृदयविकारानेही पाणी होते. सुईने पाणी काढले की दम कमी होतो आणि तपासणीसाठी नमुनाही मिळतो. मात्र या उपायात फुप्फुसाला दोन प्रकारे इजा होऊ शकते.

पहिली इजा सुईची. सुईचे टोक फुप्फुसाला लागले तर तेथून हवा बाहेर पडते आणि फुप्फुस आकसते. सोनोग्राफीत पाण्याची जागा पाहून सुई घातली, तर हा धोका बराच कमी होतो.

दुसरी इजा घाईची. बरेच दिवस दबलेले फुप्फुस एकदम फुलले, तर क्वचित त्याच्या नाजूक केशवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि खुद्द फुप्फुसातच पाणी भरते. म्हणून एका वेळी साधारण दीड लिटरपर्यंतच आणि सावकाश पाणी काढतात.

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी माझ्याकडे आले. आदल्या दिवशी दुसरीकडे त्यांचे पाणी काढले होते. घरी जाताना छातीत दुखू लागले, दम वाढला. अशक्तपणा असेल, म्हणून घरच्यांनी रात्र काढली. सकाळी एक्स-रेत फुप्फुसाभोवती हवा दिसली. छातीत नळी घालावी लागली. ते बरे झाले, पण ती रात्र जिवावर बेतली असती.

म्हणून वाचकहो, एवढे लक्षात ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. सुई आत असताना हलू नका. खोकल्याची उबळ आली किंवा छाती आवळल्यासारखी वाटली, तर लगेच बोला. घरी गेल्यावर दम वाढला, छातीत दुखू लागले किंवा खोकला थांबेना, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

‘पाणी काढले की माणूस टिकत नाही’ या समजुतीने मात्र उपचार टाळू नका. आणि क्षयरोग निघाला, तर सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी औषधे पूर्ण घ्या. पाणी काढले म्हणजे आजार गेला, असे नव्हे.