मुलाखतीतील आकडे आणि आकड्यांचा अर्थ

कळंबोली म्हटले की पोलाद बाजार, लोखंडाने लादलेले ट्रक आणि पुण्याकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाचे मुख डोळ्यांपुढे येते. सिडकोने वसविलेल्या या वसाहतीतून आता आणखी एक वर्दळ सुरू झाली आहे. गणित, संख्याशास्त्र वा अर्थशास्त्राची पदवी घेतलेले तरुण-तरुणी मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानकावर ठाण्याची लोकल पकडतात आणि ऐरोली-घणसोलीच्या संगणक कंपन्यांत ‘डेटा सायन्स’च्या नोकरीसाठी मुलाखतीस जातात. त्यांच्यापैकी कित्येकांनी खासगी क्लासची जबर फी भरलेली असते. काही घरांत तर ती कर्ज काढून भरलेली असते.

या फीच्या मोबदल्यात पायथन, एसक्यूएल आणि काही तयार सूत्रे पदरात पडतात. ही साधने निरुपयोगी आहेत, असे मुळीच नव्हे. पहिल्या चाळणीत बहुधा त्यांचीच परीक्षा होते. परंतु पुढे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे स्वरूप निराळे असते. अशा मुलाखतींतील एक परिचित कोडे पाहावे. एक रोग हजारांत एकास होतो. चाचणी प्रत्येक रोग्यास अचूक ओळखते. मात्र 100 निरोगी माणसांपैकी 5 जणांनाही ती रोगी ठरविते. एखाद्याची चाचणी होकारार्थी आली, तर तो खरोखरच रोगी असण्याची शक्यता किती? घाईने ‘95 टक्के’ असे उत्तर दिले जाते. वस्तुतः हजार माणसे तपासली, तर खरा रोगी 1 आणि चुकीने पकडले गेलेले सुमारे 50. म्हणजे शक्यता जेमतेम 2 टक्के! बँकेतील संशयास्पद व्यवहार हुडकणाऱ्या यंत्रणेलाही हाच हिशेब लागू पडतो. त्यासाठी महागडा संगणक लागत नाही. आकडा कशातून आला, हे विचारण्याची सवय लागते.

ही सवय महाराष्ट्राला नवी नाही. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये दररोज दरडोई 2250 उष्मांकांच्या निकषावर दारिद्र्याचे मोजमाप मांडले. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. सरासरी गरज ही प्रत्येकाची गरज नव्हे. सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मानला तर संख्या फुगते, असे त्यांचे म्हणणे होते. दांडेकरांनी त्याचा प्रतिवाद केला. कोणाची बाजू बरोबर, हा प्रश्न येथे गौण आहे. सरासरीच्या पोटात काय दडले आहे, याचा शोध दोघेही घेत होते, आणि चांगला परीक्षक उमेदवाराकडून नेमकी हीच अपेक्षा करतो.

दुर्दैवाने, अनेक महाविद्यालयांत संख्याशास्त्र म्हणजे प्रमाण विचलनाचे सूत्र घोकून गुणांची बेगमी करणे, एवढाच अर्थ उरला आहे. त्याऐवजी विद्यार्थ्यांनी पोलाद बाजारातील वाहनांची महिनाभर नोंद करावी, कोणत्या वेळा सुटल्या ते तपासावे आणि आपला निष्कर्ष वर्गापुढे, आधी मराठीत, समर्थपणे मांडावा. कंपन्यांनीही सफाईदार इंग्रजीलाच बुद्धीचा पुरावा मानण्याचे सोडले पाहिजे. हे घडले नाही, तर पालकांचे कर्ज वाढत राहील, आणि हातात प्रमाणपत्र असलेला पदवीधर साध्या हजार माणसांच्या हिशेबापुढे निरुत्तर होत राहील.