श्रमाचे दान आणि बक्षिसाचा मान

सन २०१६ च्या एप्रिल महिन्यात, लागोपाठच्या अवर्षणांनी मराठवाड्याच्या विहिरींनी तळ गाठला असताना आणि लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी पोचवण्याची पाळी सरकारवर आलेली असताना, अमरावती जिल्ह्यातील वरूड, बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगाव या तीन तालुक्यांतील ११६ गावे एका आगळ्या स्पर्धेत उतरली. पावसाळ्यापूर्वीच्या सुमारे दीड महिन्यात जे गाव आपल्या शिवारात पाणी अडवण्याची सर्वोत्तम व्यवस्था स्वतःच्या श्रमाने उभी करील, त्या गावाला ५० लाख रुपयांचे पारितोषिक मिळेल, असे ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ या नावाच्या त्या स्पर्धेचे स्वरूप होते. आमिर खान आणि किरण राव यांनी स्थापन केलेल्या, सत्यजित भटकळ यांनी सूत्रे सांभाळलेल्या आणि साताऱ्याच्या डॉ. अविनाश पोळ यांचे मार्गदर्शन लाभलेल्या पानी फाउंडेशनने ती योजली होती. पहिले बक्षीस कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने मिळवले; पुढच्या वर्षी तालुक्यांची संख्या ३० झाली, २०१८ मध्ये ती ७५ वर गेली, आणि उन्हाळ्याच्या पहाटे कुदळ, फावडे आणि घमेले घेऊन माळाकडे निघालेली कुटुंबेच्या कुटुंबे हे महाराष्ट्राच्या कोरडवाहू मुलुखातील नित्याचे दृश्य होऊन गेले.

या दृश्याने एक जुना प्रश्न नव्याने उभा केला. बक्षिसाच्या आशेने केलेल्या श्रमाला दान म्हणावे काय? निष्काम कर्माचा संस्कार ज्या समाजाच्या मनात शतकानुशतके मुरलेला आहे, त्या समाजातील विचारी माणसाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आणि त्याचे उत्तर घाईने देण्यापूर्वी आपल्याच खेड्यांची जुनी रीत आठवणे उचित ठरेल. एखाद्या शेतकऱ्याचे काम तुंबले, घरात आजारपण आले किंवा बैल दगावला, म्हणजे गावातील इतर शेतकरी आपापली औते घेऊन त्याच्या शेतावर जात आणि दिवसभरात त्याचे काम उरकून देत. याला इर्जिक म्हणत, आणि इर्जिक घालणाऱ्या घराने त्या दिवशी सर्वांना पोटभर जेवू घालावे, असा अलिखित दंडक असे. मजुरी कोणी मागत नसे. मागितली असती तर तो गावात हलका ठरला असता. परंतु जेवण मात्र प्रत्येक जण हक्काने जेवत असे. सावडीच्या रिवाजात एका घराने दिलेला दिवस दुसरे घर पुढे दिवसानेच फेडी, आणि भीमाशंकरच्या परिसरातील महादेव कोळी कुटुंबे पडकईच्या प्रथेने एकमेकांच्या उतारावर भाताची खाचरे काढून देत. तेव्हा श्रमाच्या पाठोपाठ काहीतरी पदरात पडावे, ही अपेक्षा आपल्या मातीला परकी नाही. परके आणि तिरस्करणीय काही असेल तर ती वेठबिगार. तेथे श्रम हुकमाने घेतले जात आणि राबणाऱ्याच्या घरी मानही पोचत नसे आणि धान्यही पोचत नसे.

इर्जिकीच्या पंगतीत एक मर्म दडलेले आहे. ते जेवण वाटून घरी नेण्याचे नसते, एकत्र बसून जेवण्याचे असते. म्हणून त्याची मजुरी होत नाही. सामुदायिक श्रमाचे बक्षीस जोवर असे अविभाज्य राहते तोवर ते सन्मान असते, आणि ज्या क्षणी त्याचे माणशी वाटे पडू लागतात त्या क्षणी ते मोबदला बनते, असा माझा सिद्धांत आहे.

या सिद्धांताच्या प्रकाशात परदेशातील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील डिस्ने कंपनीने २०१० सालासाठी अशी योजना जाहीर केली, की जो कोणी आपल्या वस्तीतील एखाद्या लोकोपयोगी संस्थेसाठी एक दिवस विनावेतन काम करील, त्याला कंपनीच्या फ्लोरिडातील किंवा कॅलिफोर्नियातील मनोरंजन-उद्यानात एक दिवसाचा प्रवेश मोफत मिळेल. आणि यात सहा वर्षांवरील मुलांनाही आईवडिलांसह सहभागी होता येईल. मर्यादा दहा लाख स्वयंसेवकांची होती आणि ती मार्च महिन्यातच पूर्ण झाल्यामुळे योजना आटोपती घ्यावी लागली. आईबाप आणि मुले यांनी एका दिवशी बरोबर राबावे आणि दुसऱ्या एका दिवशी बरोबर आनंद करावा, ही कल्पना निःसंशय रम्य होती, आणि तिचे बक्षीसही कुटुंबाने एकत्र उपभोगण्याचे होते. तथापि श्रमाची जागा एकीकडे आणि आनंदाची जागा दुसरीकडे असल्यामुळे, ज्या वस्तीची सेवा केली तिच्याशी कुटुंबाचे नाते पुढे टिकवून धरणारा दुवा त्या व्यवहाराच्या रचनेत नव्हता.

मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी या विषयाचा जो कसून शोध घेतला आहे, तोही येथे उपयुक्त आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन संशोधकांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, काहींना काही न सांगता ते मागाहून दिले, आणि काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या मानाने निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रांत घालवत होती. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र शाबूत होती. नीझी आणि रुस्टिकिनी यांनी इस्रायलमधील शाळकरी विद्यार्थ्यांवर केलेला, २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर सामाजिक कार्याशीच निगडित आहे. घरोघर जाऊन धर्मादाय निधी गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला केवळ कार्याचे महत्त्व समजावले, दुसऱ्याला गोळा केलेल्या रकमेच्या शेकडा १ आणि तिसऱ्याला शेकडा १० इतकी रक्कम देऊ केली. सर्वाधिक निधी जमवला तो काहीही न मिळणाऱ्या गटाने. आणि सर्वांत कमी जमवला तो शेकडा १ मिळणाऱ्यांनी. दर ठरला की माणूस दराचा हिशेब करू लागतो, आणि त्या हिशेबात सेवेचा आनंद कोठल्याच रकान्यात बसत नाही.

वॉटर कपच्या रचनेत हा धोका बव्हंशी टळला, तो रक्कम कोणा घराच्या हाती न पडता गावाला मिळणार होती म्हणून. शिवाय पहिल्या दिवसापासून गावाच्या हाती जे पडत होते ते ज्ञान होते. प्रत्येक गावातून निवडलेल्या स्त्रीपुरुषांना आधी प्रशिक्षण दिले जाई, आणि डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने काम करण्याचे तत्त्व त्यांच्या मनावर बिंबवले जाई. कारण माथ्यावरचे पाणी तेथेच थोपवले नाही, तर ते वेगाने खाली येताना पायथ्याचे बांध उखडून टाकते आणि शेतातील मातीही घेऊन जाते. लाकडाच्या तीन दांड्या आणि ओळंबा यांपासून बनवलेल्या ‘ए-फ्रेम’ने, शाळेची पायरी फारशी न चढलेली बाईसुद्धा डोंगरावर समान उंचीची रेषा अचूक आखू शकते, आणि त्या रेषेवर सलग समतल चर खणले जातात. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटर लांबीत सुमारे १८० लिटर पाणी मावते. चार माणसांच्या कुटुंबाने रोज पहाटे पाच मीटर चर खणला आणि अशी १०० कुटुंबे ४० दिवस राबली, तर २० किलोमीटर लांबीचा चर तयार होतो, आणि तो एकदा भरला की सुमारे ३६ लाख लिटर पाणी डोंगरावरून वाहून न जाता जमिनीत मुरते. पावसाळ्यात तर तो अनेकदा भरतो.

परंतु या हिशेबापेक्षाही, अख्खे कुटुंब एकाच चरावर उभे असणे ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. ज्या घरात सासू, सून, मुलगा आणि नात यांची कामे, वेळा आणि बैठकीच्या जागाही ठरलेल्या असतात, त्या घरातली माणसे चरावर एका रांगेत उभी राहिली, म्हणजे घमेले हातोहात जाते आणि त्याबरोबर घरातला मानपानही थोडा सैल होतो. पाण्याची घागर आजवर जिच्या डोक्यावर होती, ती बाई पाण्याच्या नियोजनात बोलू लागते. मुलाला पर्यावरणाचा धडा पुस्तकातून शिकवावा लागत नाही. आपण खणलेल्या चरात पहिल्या पावसाचे पाणी साठलेले पाहिले, की तो त्याला कायमचा कळतो. आणि एकाच चरावर दोन विरोधी गटांची घरे काम करू लागली, तर निवडणुकीतील जुने वैर मिटवण्याची संधी चालून येते. सभेत तडजोड सुचवण्यापेक्षा दगड उचलताना हात देणे सोपे असते.

येथेच मात्र एक गंभीर तक्रार ऐकून घेतली पाहिजे, आणि ती भूमिहीनाची आहे. चर खणायला तो येतो, त्याची बायको येते, त्यासाठी कधीकधी दिवसाचा रोजगारही बुडतो. पण मुरलेले पाणी वर येते ते खातेदाराच्या विहिरीत. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून आपल्याकडे जमिनीखालचे पाणी काढून घेण्याचा हक्क जमिनीच्या मालकाशी जोडला गेला आहे. म्हणजे ज्याला जमीन नाही त्याला, पिण्याचे पाणी सोडले तर, या श्रमाच्या फळावर कायद्याने सांगता येईल असा अधिकार फारसा नाही. रोजगार हमीच्या कामावर हेच चर खणले असते तर त्याला निदान मजुरी मिळाली असती. पाण्याची वाटणी अशी विषम असताना, जे खरोखर सर्वांचे आहे असे या साऱ्या उद्योगात एकच उरते, ते म्हणजे बक्षीस. म्हणून त्या रकमेवर पहिला हक्क त्या घरांचा मानला पाहिजे, ज्यांना विहीर नाही आणि शेत नाही. गावाच्या सामाईक जागेत त्यांच्या शेळ्यांसाठी चारा पिकवणे, त्यांच्या वस्तीत नळ पोचवणे, किंवा गावतळ्यातील मासेमारी त्यांच्या गटाकडे सोपवणे, असा ठराव ग्रामसभेने पहिली कुदळ मारण्यापूर्वीच करावा. असा ठराव दप्तरात नोंदलेला असेल, तर भूमिहीन कुटुंबाचे श्रम खऱ्या अर्थाने दान ठरतील; नसेल, तर त्या श्रमदानात वेठीचा अंश शिरल्यावाचून राहणार नाही.

दुसरा प्रश्न बक्षीस मिळून गेल्यानंतरचा आहे. महाराष्ट्रात गावांच्या स्पर्धांचा अनुभव जुना आहे. ग्रामविकास मंत्री असताना आर. आर. पाटील यांनी २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा गावेच्या गावे हातात खराटा घेऊन बाहेर पडली, आणि भिंती, गटारे, शाळा व पाणवठे यांचे रूप पालटले. नाव ज्यांचे दिले ते गाडगेबाबा स्वतः गाव झाडून काढीत, आणि लोकांनी श्रद्धेने दिलेला पैसा धर्मशाळा आणि शाळा यांकडे वळवीत. मिळालेल्याचा सामाईक उपयोग कसा करावा याचा वस्तुपाठ त्यांच्या जीवनातच होता. पुढे केंद्र सरकारचा निर्मल ग्राम पुरस्कार आला, आणि पुरस्काराची पाटी लागल्यानंतर काही वर्षांत पूर्वीच्या सवयींकडे परतलेली गावेही दिसू लागली. तपासणी पथकाच्या भेटीसाठी झाडलेले अंगण आणि स्वतःच्या घरासाठी झाडलेले अंगण पहिल्या दिवशी सारखेच दिसते. अंतर कळते ते पथक गेल्यावर.

हे अंतर ज्या गावाने मिटवले ते अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९ साली तेथे सरपंच झाले, आणि आदर्श गाव योजनेत गाव आले तेव्हा सरकारी निधीबरोबर काही बंधने स्वीकारणे भाग होते: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान. निधी हे येथील बक्षीस म्हटले, तर ते काम करण्याच्या आधीच शिस्तीच्या अटीवर मिळालेले होते. परंतु गाव तेथे थांबले नाही. त्याने शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली, ऊस व केळी यांसारखी पाणी पिणारी पिके वर्ज्य केली, आणि पडलेला पाऊस मोजून वर्षाचे पाण्याचे अंदाजपत्रक ग्रामसभेत मांडण्याची प्रथा पाडली. पाणी अडवणे हे एका उन्हाळ्याचे काम असते. अडवलेले पाणी काटकसरीने वापरणे हा दरवर्षीचा कारभार असतो, आणि तो कारभार प्रत्येक घराने मनापासून मान्य केला तरच चालतो.

या साऱ्याचा निष्कर्ष काढायचा झाल्यास, बक्षिसाला नाक मुरडण्याचे कारण मला दिसत नाही. थकलेल्या, उमेद हरवलेल्या गावाला एकत्र आणण्यासाठी निमित्त लागते, आणि स्पर्धा हे उत्तम निमित्त आहे. जत्रेत कुस्तीचा फड लागला की शेजारगावाची ईर्षा कशी जागी होते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. मात्र स्पर्धा योजणाऱ्या संस्थेने आणि तीत उतरणाऱ्या गावाने तीन गोष्टी आरंभीच निश्चित कराव्यात. बक्षीस कोणा एकाच्या किंवा एका घराच्या नावाने न देता सामाईक ठेवावे. त्याच्या विनियोगात भूमिहीनांचा वाटा पहिला असावा. आणि गुणांचा काही भाग राखून ठेवून तो दोनतीन वर्षांनी, झालेले काम टिकले आहे काय हे पाहूनच द्यावा. या तीन अटी पाळल्या, तर ज्या मुलाने वयाच्या आठव्या वर्षी आईबापांबरोबर चर खणला, तो विसाव्या वर्षी त्यातील गाळ काढण्यासाठी कोणत्याही स्पर्धेची वाट पाहणार नाही, आणि गाळ काढायचा दिवस ठरवण्याचा मान ग्रामसभेत त्याचा असेल.