अनवाणी चालावं का? आधी पायांना विचारा!



पहाटे कॅम्पिअन ट्रेलवर फिरायला जाणाऱ्या आपल्या अर्विंगकर मंडळींत एक वाद हमखास रंगतो. चालावं-धावावं ते बूट घालून की अनवाणी? एका पक्षाच्या पायात दीडशे डॉलरचे बूट असतात, तर दुसरा पक्ष मिलिंद सोमण यांचं नाव पुढे करतो. मी डॉक्टर नव्हे, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. तेव्हा सवयीप्रमाणे दोन्ही बाजूंची माहिती जमवली. ती आणि त्यातून मला जे महत्त्वाचं वाटलं ते आपल्यापुढे ठेवतो.

अनवाणी पायांची कीर्ती

अनवाणी चालणं आपल्याला नवं नाही. आळंदी-देहूहून पंढरपूरची अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट आजही कित्येक वारकरी पायात काही न घालता चालतात. मिलिंद सोमण यांनी २०१७ साली फ्लोरिडातल्या अल्ट्रामॅन स्पर्धेतली ८४ किलोमीटरची धाव अनवाणी पूर्ण केली. इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉनचं सुवर्णपदक मिळवलं. हे उदाहरण देणारे एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. १९६४ साली टोकियोत बिकिला पुन्हा जिंकले, तेव्हा त्यांच्या पायात बूट होते!

बारामतीच्या लताबाई करे यांची गोष्टही बहुतेकांना ठाऊक असेल. नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून त्या नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली चित्रपटही आला. पण लताबाई हौसेनं अनवाणी धावल्या नव्हत्या, हे त्यांचं कौतुक करताना विसरू नये.

जमेची बाजू

हार्वर्डचे प्राध्यापक डॅनियल लिबरमन यांचं संशोधन २०१० साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालं. बूट घालून धावणारे बहुतेक जण आधी टाच टेकवतात, तर लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात. त्यामुळे जमिनीवर पाय आदळताना बसणारा झटका कमी होतो, असं त्यांना दिसलं.

दुसरा अभ्यास आपल्या शेजारच्या कर्नाटकातला. डॉ. राव आणि डॉ. जोसेफ यांनी २,३०० मुलांचे पाय तपासून १९९२ साली निष्कर्ष मांडले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के होतं आणि अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. एवढ्यावरून बुटांनीच पाय बिघडतात असं सिद्ध होत नाही. पण घरात आणि हिरवळीवर मुलं अनवाणी खेळली तर ओरडायचं कारण नाही, एवढं नक्की. पहाटेच्या दवात चालल्यानं चष्म्याचा नंबर उतरतो ही समजूत मात्र आजीच्या बटव्यातच राहू द्यावी. तिला शास्त्राचा आधार नाही.

खर्चाची बाजू

आता उलट बाजू पाहू. २०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नेहमीचे बूट वापरणाऱ्या धावपटूंना दहा आठवड्यांत हळूहळू पातळ तळाच्या, पाच बोटांच्या पादत्राणांकडे वळवलं. त्या १९ जणांपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली आढळली. जुनेच बूट ठेवलेल्या १७ जणांत असा एकच निघाला. वीस-तीस वर्षं बुटात वाढलेला पाय दहा आठवड्यांत बदलत नाही, हा त्यातला धडा. अशी पादत्राणं विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीनं आरोग्यविषयक दाव्यांवरून झालेला खटला २०१४ साली साडेसदतीस लाख डॉलर देऊन मिटवला.

शिवाय आपलं टेक्सस! उन्हाळ्यात हवा शंभर अंशांवर गेली की भर दुपारचं डांबर एकशेचाळीस अंशांच्याही वर जातं. तेवढ्या तापमानाला कातडी भाजायला काही सेकंद पुरतात. गवतात फायर अँट, म्हणजे चावणाऱ्या लाल मुंग्यांची वारुळं असतात. गावाकडचे सराटेही इथे भेटतात, फक्त त्यांना इंग्रजी नाव आहे.

खरा प्रश्न

पण बूट की अनवाणी हा वाद मला दुय्यम वाटतो. पहिला प्रश्न असा, की तुमच्या पायाला लागलेलं कळतं का?

अनवाणी चालण्याचे सगळे फायदे एका गोष्टीवर उभे आहेत. खडा टोचला की पाय आपोआप सावरतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तळवा हा सेन्सर आहे. सेन्सरच बंद पडला, तर उरतो नुसता धोका. जुन्या मधुमेहात नेमकं हेच होऊ शकतं. तळवा हळूहळू बधिर होतो, जखम झालेली कळत नाही, माणूस त्याच पायावर चालत राहतो, जखम चिघळते आणि वेळ कधी कधी पाय कापण्यावर येते.

हे समजायला कुष्ठरोग्यांचे पाय कारणी लागले. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोग्यांचे हातपाय आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही, म्हणून जखमांवर जखमा होऊन ते जातात. या रुग्णांसाठी मऊ रबराच्या चपला तयार झाल्या. १९६६ साली ब्रँड आपल्या शेजारच्या लुइझियानातील कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात आले आणि हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं गेलं. डॉक्टर नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून ‘कळतंय का?’ असं विचारतात. १० ग्रॅम दाबाची ही तपासणी रूढ होण्यात कारव्हिलचा मोठा वाटा आहे.

दोन मिनिटांची चाचणी

घरी करण्याजोगी चाचणी इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी सुचवली आहे. मधुमेहीला डोळे मिटून बसायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा टोकांना आपल्या तर्जनीनं एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, टिचकी मारू नका, पुन्हा संधी देऊ नका. दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर डॉक्टरांची भेट ठरवा.

माझ्या बाबांना सोळा वर्षांपासून मधुमेह आहे. एसटीतून निवृत्त झाल्यावर ते दर उन्हाळ्यात साताऱ्याहून आमच्याकडे येतात आणि मागच्या अंगणात अनवाणी फिरतात. यंदा त्यांना सोफ्यावर बसवून ही चाचणी केली. डोळे मिटून ते म्हणाले, “अरे, सुरू कर ना!” तोवर माझी तीन बोटं झाली होती. त्यातलं एकही त्यांना कळलं नव्हतं. पुढची तीन कळली. मी हिशेब सांगितल्यावर ते बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिले. पुढच्या आठवड्यात पायांच्या डॉक्टरांनी बधिरपणावर शिक्कामोर्तब केलं. सुदैवानं जखम नव्हती. बाबा आता घरातही मऊ तळाच्या चपला घालतात. “देवापुढे चप्पल घालून कसं उभं राहायचं?” हा त्यांचा एकच प्रश्न उरला होता. एकता मंदिरात ते जाड पांढरे मोजे घालून जातात. पांढरे अशासाठी, की रक्ताचा डाग लगेच दिसावा. देवाची काही तक्रार नाही.

थोडं पैशांविषयी

आईवडिलांसाठी घेतलेल्या व्हिजिटर इन्शुरन्समधून जुने आजार बहुधा वगळलेले असतात. मधुमेहामुळे चिघळलेली जखम त्यातच मोडू शकते, म्हणून पॉलिसीतलं ते कलम विकत घेण्यापूर्वी वाचा. पायांची तपासणी शक्यतो भारतातून निघण्यापूर्वीच करून घ्यावी. ज्यांना मेडिकेअर पार्ट बी आहे, अशा मधुमेहींना पायांच्या ठरावीक तक्रारी असल्यास वर्षाला एक जोड खास बूट मिळू शकतात. त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

सारांश

पाय निरोगी असतील तर थॉमस जेफरसन पार्कमधल्या गांधी पुतळ्याजवळच्या हिरवळीवर, ऊन चढण्याआधी, दहा मिनिटांपासून खुशाल सुरुवात करा. धावायचं असेल तर काही महिने घेऊन हळूहळू वाढवा, दुखलं की थांबा. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांचे तळवे रोज पाहा. ज्यांना स्वतःला वाकता येत नाही, त्यांचे आपण पाहावेत. आईवडिलांच्या पायांना हात लावायची आपली रीत आहेच. यापुढे नमस्कार करताना दोन मिनिटं जास्त थांबा, एवढंच.