स्वमग्न की वस्तुमग्न?

मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः, या ग्रीक शब्दाला हे भाषांतर धरून आहे. मुलाला धरून नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या अकरा मुलांची टिपणे प्रसिद्ध केली, त्यांतही वस्तूंत रमलेली मुले दिसतात. हाताला लागेल ते भिंगरीसारखे फिरवणारे मूल ‘स्व’त मग्न आहे असे कशावरून म्हणायचे?

शाळेतून तक्रार येते, ‘याचं लक्षच नसतं.’ लक्ष असते, पण आहे तिथून ते सहज सुटत नाही. लँड्री आणि ब्रायसन यांनी २००४ मध्ये लहान मुलांना पडद्याच्या मध्यभागी एक हलते चित्र दाखवले आणि ते चालू असतानाच बाजूला दुसरे आणले. इतर मुलांची नजर पटकन वळली. ऑटिस्टिक मुलांची नजर काही वेळा आठही सेकंद पहिल्याच चित्रावर राहिली. पहिले चित्र आधी काढून घेतले, की तीही बरीच लवकर वळत. (पुढच्या सगळ्याच प्रयोगांत हा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे.)

याची दुसरी बाजू अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी १९८३ मध्येच दाखवली होती. मोठ्या चित्रात दडलेला त्रिकोण शोधण्यात ही मुले समान बौद्धिक वयाच्या मुलांपेक्षा सरस ठरली. बाकीच्यांना आधी बाबागाडी दिसते, यांना त्रिकोण.

डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ मध्ये याला ‘मोनोट्रोपिझम’ म्हटले. आपण ‘एकमार्गी लक्ष’ म्हणू. लक्षाचा साठा सर्वांकडेच मर्यादित. कुणी तो दहा वाटांनी सोडतो, कुणी एकाच. लॉसन स्वतः ऑटिस्टिक असल्याने या मांडणीला आतल्या अनुभवाचाही आधार आहे.

ॲना रेमिंग्टन यांचे २००९ मधले प्रयोग मात्र वेगळे सांगतात. काम अवघड झाले, की इतरांना आजूबाजूचे जाणवेनासे होते. ऑटिस्टिक प्रौढांना त्याच टप्प्यावर ते जाणवतच राहिले, आणि तरी काम बिघडले नाही. म्हणजे गाळणी फाटकी नाही, भांडे मोठे आहे. दोन्ही मते पूर्ण जुळत नाहीत, आणि ओढूनताणून जुळवण्यात अर्थ नाही. पण वर्गापुरते दोन्हींतून काही हाती लागते: नवे पुस्तक उघडायला सांगण्याआधी जुने मिटू द्यावे, आणि पंख्याची घरघर ऐकणारे मूल फळ्यावरचे गणितही ऐकत असेल, ही शक्यता धरून चालावे.