उशीर झाला तरी चालेल

आजकाल आपल्या ओळखीच्या दहा घरांपैकी एखाद्या घरातले मूल तरी शिकायला परदेशी असते. वर्षाच्या आतच त्याचा एक ठरावीक फोटो घरी येतो. भाड्याच्या गाडीला टेकून पाच-सहा मुले उभी असतात, प्रत्येक जण वेगळ्या देशाचा, आणि मागे एखादी दरी नाहीतर वाळवंट. आई तो फोटो शेजारपाजारी दाखवते. या सहलीमागे काय काय असते, ते आज थोडे सांगायचे आहे.

मी लॉस एंजेलिसला शिकत असताना मार्चच्या सुट्टीत आम्ही पाच जण ग्रँड कॅन्यन पाहायला निघालो. एक कोरियाचा, एक जर्मन, एक नेपाळचा, ब्राझीलची एक मैत्रीण आणि मी. एका बाजूचे अंतर सुमारे ७९० किलोमीटर. समृद्धी महामार्ग मुंबईकडच्या टोकापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर आहे, त्याहून हे जास्तच. नकाशावर बोट ठेवले की अमेरिका लहान दिसते, तिथेच पहिली चूक होते.

आता कागदपत्रांचे पाहू. पाच मित्र म्हणजे पाच पासपोर्ट आणि पाच प्रकारचे व्हिसा. अठरा वर्षांवरील परदेशी माणसाने आपल्या नोंदणीचा कागद जवळ बाळगला पाहिजे, असा तिथला कायदा आहे. मेक्सिकोच्या सरहद्दीजवळच्या भागात तर देशाच्या आतल्या हमरस्त्यांवरही तपासणी नाके असतात. म्हणून पासपोर्ट, विद्यापीठाचा आय-ट्वेंटी आणि प्रवेशाच्या नोंदीचा आय-९४ हे तिन्ही जवळ हवेत. वाटेत कुणीतरी उत्साहाने म्हणते, ‘मेक्सिको इतके जवळ आहे, जाऊन येऊ या का?’ बाहेर पडणे सोपे असते. परत आत येणे मात्र ज्याच्या त्याच्या व्हिसावर अवलंबून असते. चौघे आत आणि एक बाहेर, असा प्रसंग येऊ शकतो. तेव्हा प्रत्येकाने आपापल्या विद्यापीठाच्या कार्यालयात विचारल्याशिवाय सरहद्द ओलांडू नये.

मग येते गाडी. चालकाचे वय पंचविसाच्या आत असेल तर भाड्याने गाडी देणाऱ्या बहुतेक कंपन्या रोजचा जादा आकार लावतात. करारात ज्यांची नावे लिहिली आहेत त्यांनीच गाडी चालवायची असते. नाव नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो. विमाही दोन प्रकारचा असतो. आपल्या हातातल्या गाडीच्या नुकसानीचा एक आणि समोरच्याच्या नुकसानीचा दुसरा. दोन्ही आहेत का, हे किल्ली हातात घेण्यापूर्वी विचारावे. इथून जाणाऱ्याने आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा. पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, आणि तिथे वास्तव्य करणाऱ्याला त्या राज्याचे लायसन्स काढावे लागते.

रस्त्यावरचे काही नियम आपल्याला नवे असतात. गाडी उजव्या बाजूने चालवायची. आमच्यात ही अडचण मला आणि नेपाळच्या मित्राला होती, बाकीच्यांच्या देशात उजवीकडूनच चालवतात. ‘स्टॉप’ची पाटी दिसली की रस्ता मोकळा असला तरी चाके पूर्ण थांबली पाहिजेत. चारही बाजूंना अशी पाटी असेल तर जो आधी येऊन थांबला तो आधी जातो. पोलिसांनी थांबवले तर आपल्याकडच्यासारखे उतरून त्यांच्याकडे चालत जायचे नाही. गाडीतच बसायचे आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे. हमरस्त्याच्या कडेला मैलांचे आकडे लिहिलेल्या छोट्या हिरव्या पाट्या असतात. अडचणीत ९११ ला फोन केला तर त्यावरचा आकडा सांगायचा. वाळवंटात ‘आम्ही कुठे आहोत’ याचे दुसरे उत्तर आपल्यापाशी नसते.

ग्रँड कॅन्यनबद्दल काय सांगू? ४४६ किलोमीटर लांब आणि जवळजवळ दीड किलोमीटर खोल अशी ही दरी कोलोरॅडो नदीने कोरून काढली आहे. दक्षिण काठावर उभे राहिले की उत्तर काठ सरळ रेषेत सोळा किलोमीटरवर दिसतो. पण गाडीने तिथे जायचे तर वळसा घालून साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर होतात. आपल्या गडकोटांची आणि या दरीची रीत उलटी आहे. सिंहगडावर दम आधी लागतो आणि उतरणे सोपे जाते. इथे आधी उतार लागतो, पाय हलके वाटतात आणि चढ शेवटी येतो. तळाशी ऊनही काठापेक्षा बरेच कडक असते. म्हणून एका दिवसात नदीपर्यंत जाऊन वर येण्याचा प्रयत्न करू नका, असे उद्यानाचे अधिकारी बजावतात. आम्ही तासभर उतरलो. जर्मन मित्र थांबला आणि म्हणाला, ‘माझे गुडघे दुखताहेत, मी परत फिरतो.’ त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. माझेही गुडघे दुखत होते, पण मी बोललो नव्हतो.

हे सांगण्याचे कारण पुढे आहे. आकार वाचवायचा म्हणून करारात आम्ही दोनच चालकांची नावे घातली होती, ब्राझीलची मैत्रीण आणि मी. सूर्योदय पाहायचा म्हणून सगळे पहाटे साडेचारला उठलेलो. संध्याकाळी सहाला परतीला निघालो, कारण सकाळी नऊपर्यंत गाडी परत द्यायची होती. निम्मी वाट मैत्रिणीने चालवली. नीडल्स हे गाव गेले आणि मी स्टिअरिंग हाती घेतले तेव्हा मध्यरात्र उलटली होती. तिथून बारस्टोपर्यंत सुमारे २३० किलोमीटर मोहावीचे वाळवंट आहे. वळण नाही की गाव नाही, समोर फक्त दिव्याच्या उजेडात येणारे पांढरे पट्टे. मागचे तिघे झोपलेले. झोप मलाही आली होती, पण म्हणायचे कसे? मैत्रीण आधीच थकलेली, दुसऱ्या कुणाचे नाव करारात नाही, आणि ‘मला नाही जमणार’ म्हणायची भीड.

एकदम गाडी थरथरली, घरघर आवाज झाला. चाके कडेच्या खाचांवरून जात होती. डुलकी लागलेल्याला जाग यावी म्हणून त्या डांबरात मुद्दाम कोरलेल्या असतात. मी गाडी सावरली. शेजारी बसलेल्या कोरियन मित्राने विचारले, ‘झोप लागली का?’ आणि मी काय म्हणावे? ‘नाही, नाही, ठीक आहे.’ मरणाच्या दारातून आल्यावरही माझी भीड सुटली नव्हती. तो शांतपणे म्हणाला, ‘पुढच्या फाट्याला थांब.’ आम्ही एका पेट्रोल पंपापाशी थांबलो आणि गाडीतच झोपलो. गाडी उशिरा परत केली. जादा पैसे लागले ते पाचांत वाटून घेतले.

नंतर मी याबद्दल वाचले. ताशी सत्तर मैल, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला एकतीस मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे सव्वाशे मीटर गाडी कुणीच चालवत नसते. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे भान रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखे मंदावते, आणि चोवीस तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखे, असे संशोधनात आढळले आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मद्याची मर्यादा ०.०८ आहे, युटा राज्यात ०.०५. मी वीस तास जागा होतो. दारूला शिवलोही नव्हतो, पण अवस्था तीच होती. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि दुपारी जेवणानंतर शरीर झोप मागतेच. काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे यांचा उपयोग क्षणभर होतो. कॉफीचा परिणाम व्हायला अर्धा तास लागतो. खरा उपाय एकच, सुरक्षित जागी थांबून झोप घेणे.

भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. रस्त्यावर ती त्याहून वाईट गोष्टीची बहीण ठरू शकते. म्हणून निघण्यापूर्वीच सगळ्यांनी बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, निदान तीन चालकांची नावे करारात घालायची. तो खर्च सगळ्यांचा, चालवणाऱ्याचा एकट्याचा नाही. दोन, दर दोन तासांनी चालक बदलायचा आणि रात्री अकरानंतर गाडी चालवायची नाही. मोटेलचा खर्च सुरुवातीलाच धरायचा. तीन, ‘मी थकलो’ असे कुणीही म्हटले की चर्चा न करता थांबायचे. पैशांचा हिशेब टीटीएमएम न ठेवता एकच सामाईक गल्ला ठेवावा, म्हणजे थांबण्याचा खर्च कुणाच्या एकट्याच्या खिशाला लागत नाही.

शेवटची गोष्ट आईवडिलांसाठी. इथे सकाळचा चहा होतो तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, आणि इथे दुपारचे जेवण होते तेव्हा तिथे मध्यरात्र. आपण काळजीने फोन करतो आणि तो नेमका रात्रीच्या रस्त्यावर वाजतो. ‘पोहोचलास का? अजून किती वेळ?’ आपल्या तोंडून ही माया असते, पण चालवणाऱ्या मुलाच्या कानाला ती घाई वाटते. माझ्या आईलाही मी त्या रात्री पोहोचल्यावर फोन करतो म्हणून सांगितले होते, आणि ते वाक्य वाटभर माझ्या डोक्यात होते.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी अशा सहलीला निघाली की एवढेच सांगा, ‘वाटेत झोप आली तर थांबा. उशीर झाला तरी चालेल.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)